शिफारसपत्र तुम्हीच लिहा : पुण्यातील संशोधन-मार्गदर्शकांना खुले पत्र

आदरणीय सर आणि मॅडम,

सविनय नमस्कार.

पुण्यातली विद्यापीठे, महाविद्यालयांचे पदव्युत्तर विभाग आणि संशोधन-केंद्रे यांत एम.एस्सी., एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करणाऱ्या आपणा सर्वांना उद्देशून हे पत्र लिहीत आहे. माझे शिक्षण पुण्यातच झाले. पुढे पीएच.डी. आणि पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचे मुदतीच्या करारावरचे संशोधन, परदेशात करून आता तिथल्याच एका सार्वजनिक विद्यापीठात मी कायम पदावर शिकवतो. पीएच.डी.च्या प्रवेश-समितीवर मला बहुतेक दर वर्षी काम करावे लागते आणि विभागात अध्यापकाची जागा निघाली तर निवड-समितीवरही. त्यामुळे पुण्याहून आलेले अर्ज मी सातत्याने वाचत आलो आहे, आणि त्या वाचनातून जे दिसले ते आपल्यापर्यंत पोहोचावे असे मला मनापासून वाटते.

परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना सल्ला देणाऱ्यांची शहरात कमतरता नाही. कोणती परीक्षा द्यावी, अर्जातला निबंध कसा लिहावा, बँकेचे कर्ज कसे मिळवावे, हे सांगणारी कार्यालये फर्ग्युसन रस्त्यापासून कोथरूडपर्यंत सगळीकडे आहेत. पण हा सगळा सल्ला प्रवेश मिळेपर्यंतचा असतो. परदेशी विद्यापीठात अध्यापक आणि संशोधक म्हणून उभे राहणे ही दहा-बारा वर्षांची वाटचाल आहे, आणि तिच्यातल्या कितीतरी गोष्टी विद्यार्थी विमानात बसण्यापूर्वीच, आपल्या खोलीत, आपल्या सहीने ठरून गेलेल्या असतात. म्हणून हे पत्र विद्यार्थ्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

सर्वांत आधी शिफारसपत्राबद्दल.

विद्यार्थी शिफारसपत्र मागायला आला की ‘मसुदा करून आण, मी सही करतो’ असे सांगण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की तिच्यात काही गैर आहे असे कोणालाच वाटेनासे झाले आहे. काही ठिकाणी गोष्ट याच्याही पुढे गेली आहे. परदेशी विद्यापीठाची संगणक-प्रणाली शिफारस करणाऱ्याच्या ई-मेलवर दुवा पाठवते, म्हणून विद्यार्थीच सरांच्या नावाने नवा ई-मेल पत्ता उघडतो, स्वतःबद्दलच्या सर्व रकान्यांत स्वतःच खुणा करतो आणि स्वतःच पत्र चढवतो. सरांना त्याची कल्पना असते आणि वेळ वाचला म्हणून त्यांची हरकतही नसते. यात विद्यार्थ्याचा दोष मला कमी वाटतो. बाविसाव्या वर्षी, मुदत दोन दिवसांवर आलेली असताना, जे गुरुजी सांगतील तेच तो करणार.

पण त्या पत्राकडे पलीकडचे लोक कसे पाहतात हे आपण समजून घ्यावे, अशी माझी विनंती आहे. अमेरिकेत १९७४ च्या एका संघीय कायद्याने विद्यार्थ्याला स्वतःची शैक्षणिक कागदपत्रे पाहण्याचा अधिकार दिला आहे. शिफारसपत्राच्या बाबतीत हा अधिकार सोडत आहे की नाही, असा प्रश्न अर्जातच विचारलेला असतो, आणि बहुसंख्य विद्यार्थी तो सोडतात. असे केल्याने पत्र लिहिणाऱ्याला मोकळेपणाने लिहिता येते आणि वाचणाऱ्याला त्यावर विश्वास ठेवता येतो. ज्याने हा अधिकार सोडला त्यानेच ते पत्र लिहिले असेल तर त्या सहीला काय अर्थ उरतो? समितीतल्या अनुभवी माणसाला हे ओळखायला फार वेळ लागत नाही. अर्जातल्या निबंधाची आणि तिन्ही पत्रांची वाक्यरचना एकसारखी असते, त्याच चुका त्याच जागी असतात आणि तीन वेगवेगळ्या प्राध्यापकांना विद्यार्थ्याचा एकच एक गुण त्याच शब्दांत दिसलेला असतो. असा अर्ज बाजूला पडतो. प्रवेश दिल्यानंतर गोष्ट उघडकीला आली तर तो रद्द करण्याचा अधिकारही विद्यापीठ राखून ठेवते. आणि एका महाविद्यालयाकडून अशी पत्रे सलग काही वर्षे आली की त्या महाविद्यालयातून येणाऱ्या पुढच्या प्रामाणिक विद्यार्थ्याच्या पत्रावरही संशयाची छाया पडते. या शेवटच्या परिणामाची मला सर्वाधिक खंत वाटते, कारण तो ज्याला भोगावा लागतो त्याचा यात काहीच दोष नसतो.

दुसऱ्या प्रकारची पत्रे खरोखरच प्राध्यापकांनी लिहिलेली असतात, पण त्यांतून विद्यार्थी दिसत नाही. तो मेहनती आहे, नम्र आहे, वक्तशीर आहे, सुसंस्कृत घरातला आहे, त्याची वर्तणूक चांगली आहे आणि त्याला उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा. हे सारे सद्भावनेने लिहिलेले असते आणि खरेही असते. पण समितीला चारित्र्याचा दाखला नको असतो. उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न समोर आला की हा माणूस काय करतो, एवढेच तिला जाणून घ्यायचे असते. प्रयोगशाळेतल्या जुन्या उपकरणाची मोजमापे दर वेळी थोडी वेगळी येत होती, सगळ्यांनी ते सोडून दिले होते, पण या मुलीने महिनाभर रोज तापमानाची नोंद ठेवून दोष कुठे आहे ते शोधून काढले, असे एखादे वाक्य पानभर विशेषणांपेक्षा अधिक काम करते. पेशवे दफ्तरातल्या एका मोडी कागदाचे छापील वाचन चुकले आहे हे या विद्यार्थ्याने दाखवून दिले आणि ते कसे दाखवले, हे सांगणारे पत्र मी कधीच विसरणार नाही. अशा घटना आपल्यापैकी प्रत्येकाच्या आठवणीत असतात. चहाच्या टेबलावर आपण त्या एकमेकांना सांगतोही, फक्त त्या पत्रात उतरत नाहीत.

पत्रात तुलना असणेही फार महत्त्वाचे असते. ‘मी गेली अनेक वर्षे हा विषय शिकवतो आहे आणि त्या सर्व वर्गांत या मुलीइतकी गणिती समज मला दोघा-तिघांतच दिसली, त्यांपैकी एक आता अमुक ठिकाणी पीएच.डी. करत आहे’, असे लिहिले की वाचणाऱ्याला मोजमाप मिळते. उणिवाही अवश्य लिहाव्यात. लेखन अजून कच्चे आहे, पण सुधारणा वेगाने होते आहे, असे लिहिल्याने विद्यार्थ्याचे नुकसान होत नाही. उलट बाकीच्या स्तुतीवर विश्वास बसतो. इंग्रजी अलंकारिक नसले तरी चालते. साधी, छोटी, चुकत-माकत लिहिलेली वाक्ये असली तरी त्यांतला मजकूर खरा आणि नेमका असेल तर समिती ते पत्र दोनदा वाचते. आणि ज्या विद्यार्थ्याला आपण पुरेसे ओळखत नाही त्याला ‘मी तुझ्यासाठी चांगले पत्र लिहू शकणार नाही, तू ज्यांच्याकडे प्रकल्प केलास त्यांच्याकडे जा’ असे स्पष्ट सांगणे हाही मार्गदर्शनाचाच भाग आहे.

आपल्यावर कामाचा किती बोजा आहे याची मला जाणीव आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. त्यांच्याशिवाय पदव्युत्तर वर्ग, परीक्षा, उत्तरपत्रिका, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली आणि रिक्त जागांमुळे अंगावर पडलेले इतरांचे तासही असतात. प्रत्येक विद्यार्थी आठ-दहा ठिकाणी अर्ज करतो हेही खरे. पण पत्र प्रत्येक ठिकाणी नव्याने लिहावे लागत नाही. एकदा मनापासून लिहिलेले दोन पानांचे पत्र थोड्याफार फरकाने सगळीकडे जाते, आणि पुढे पोस्टडॉकसाठी लिहिताना तोच पाया उपयोगी पडतो. विद्यार्थ्याकडून मसुदा मागण्याऐवजी त्याने आपल्याकडे केलेल्या कामाची टिपणे, गुणपत्रक आणि निबंध मागावा, आणि पत्र आपण संस्थेच्या अधिकृत ई-मेलवरून स्वतः पाठवावे.

शिफारसपत्राचे महत्त्व प्रवेशापुरतेच नाही, म्हणून मी इतका वेळ त्यावर खर्च केला. परदेशातली शैक्षणिक कारकीर्द पायरीपायरीने अशाच पत्रांवर चढते. पोस्टडॉकला पत्रे लागतात. अध्यापकपदाच्या अर्जाला बहुधा तीन पत्रे लागतात. अमेरिकेत टेन्युअर, म्हणजे कायम नेमणूक, देण्यापूर्वी विद्यापीठ त्या विषयातल्या बाहेरच्या अनेक तज्ज्ञांकडून गोपनीय मते मागवते. आपले काम दुसऱ्या कोणी तरी खोलात जाऊन वाचावे आणि त्यावर लेखी मत द्यावे, या व्यवहाराशी विद्यार्थ्याची पहिली ओळख आपण करून देता. ती खोट्या पत्राने झाली तर त्याची या व्यवहाराबद्दलची समजच वाकडी होते.

आता त्या पायऱ्यांबद्दल थोडे, कारण पीएच.डी.ला परदेशात प्रवेश मिळाला म्हणजे आयुष्य मार्गी लागले अशी समजूत विद्यार्थ्यांच्या घरी असते आणि ती दुरुस्त करण्याचा अधिकार पालकांच्या नजरेत फक्त आपल्याला आहे.

अमेरिकेत पीएच.डी.ला साधारण पाच-सहा वर्षे लागतात, आणि चांगल्या विभागात शुल्क माफ होऊन अध्यापन-साहाय्य किंवा संशोधन-साहाय्याच्या मोबदल्यात निर्वाहवेतन मिळते. ज्या पत्रात असे अर्थसाहाय्य नाही ते प्रवेशपत्र, विशेषतः विज्ञान शाखेत, नाकारावे, आणि पीएच.डी.साठी घर गहाण ठेवून कर्ज काढू नये, हे आपण ठामपणे सांगायला हवे. नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये पीएच.डी. करणारा विद्यापीठाचा पगारी कर्मचारी असतो, आणि तिथे संशोधकाच्या जागेची जाहिरात पाहून नोकरीसारखाच अर्ज करायचा असतो. जर्मनीतही बरेच जण अशा करारावर असतात, पण तो पुष्कळदा अर्धवेळ किंवा दोन-तृतीयांश वेळेचा असतो. युरोपात बहुतेक ठिकाणी आधी पदव्युत्तर पदवी लागते, जी आपल्या विद्यार्थ्यांकडे असतेच. त्यामुळे तिकडे पुन्हा लाखो रुपये भरून दुसरी पदव्युत्तर पदवी घेण्याची गरज प्रत्येकाला नसते.

पीएच.डी.नंतर येतो पोस्टडॉकचा काळ. एक-दोन किंवा तीन वर्षांचे करार, मग दुसरे शहर, कधी दुसरा देश. या काळात लग्ने होतात, आईवडील म्हातारे होतात, जोडीदाराला त्या देशात काम करण्याची परवानगी मिळते किंवा मिळत नाही. कायम होऊ शकणाऱ्या एका जागेसाठी अनेक विषयांत शंभर-दोनशे आणि कधी त्याहूनही अधिक अर्ज येतात. अमेरिकेत त्यांतले तीन-चार उमेदवार एकेकटे विद्यापीठात बोलावले जातात आणि एक-दोन दिवस सकाळच्या चहापासून रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांची भेटीगाठींतून पारख होते. तास-दीड तासाचे व्याख्यान हा त्यातला मुख्य भाग असतो. ज्याची निवड होते त्याला साधारण सहा वर्षांनंतर टेन्युअर मिळते, आणि न मिळाल्यास जागा सोडावी लागते. ब्रिटनमध्ये १९८८ च्या शिक्षण-सुधारणा कायद्यानंतर नव्या नेमणुकांना जुन्या अर्थाचे टेन्युअर नाही. तिथे लेक्चरर म्हणून रुजू झाल्यावर परिविक्षा-काळ पार पडला की माणूस बहुधा कायम होतो. जर्मनीत २००७ च्या कायद्यानुसार मुदतीच्या करारावर पीएच.डी.पूर्वी सहा आणि नंतर सहा वर्षेच सर्वसाधारणपणे काम करता येते, आणि त्या मुदतीत प्राध्यापकपद मिळाले नाही तर चाळिशीच्या उंबरठ्यावर क्षेत्रच बदलावे लागते. या कायद्याविरुद्ध २०२१ मध्ये तिथल्या तरुण संशोधकांनी मोठा आवाज उठवला होता. जर्मन विद्यापीठांत आणखी एक जुना संकेत आहे, तो असा की आपल्याच विद्यापीठातल्या माणसाला थेट प्राध्यापकपदी नेमायचे नाही, त्याने बाहेर जाऊन स्वतःला सिद्ध करावे. बी.एस्सी.पासून नोकरीपर्यंत एकाच आवारात राहणे आपल्याकडे निष्ठेचे लक्षण मानले जाते, म्हणून हा संकेत विद्यार्थ्यांना मुद्दाम समजावून सांगण्याजोगा आहे.

हे सांगितल्याने विद्यार्थी घाबरतील असे काही सहकाऱ्यांना वाटते. माझा अनुभव उलट आहे. ज्यांना आधी कल्पना असते ते पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षीच दुसरी वाटही तयार ठेवतात, उद्योगक्षेत्रात उपयोगी पडेल असे एखादे कौशल्य शिकतात आणि अध्यापकपद मिळाले नाही तरी खचत नाहीत. ज्यांना कोणीच काही सांगितलेले नसते त्यांना तो आपला वैयक्तिक पराभव वाटतो आणि ते पुण्याला फोन करणेही बंद करतात.

जे पुण्यातच पीएच.डी. करून पोस्टडॉकसाठी बाहेर जाऊ इच्छितात त्यांच्या बाबतीत आपली जबाबदारी आणखी थेट आहे. प्रबंध सादर झाल्यापासून तोंडी परीक्षेपर्यंतची सगळी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी असे आयोगाचे नियम सांगतात. प्रत्यक्षात बाह्य परीक्षकाचा अहवाल येत नाही, त्याला स्मरणपत्र जात नाही, आणि एखाद्या होतकरू संशोधकाचे देकारपत्र पदवीच्या कागदाअभावी हातचे निघून जाते. युरोपीय संघाची मारी क्युरी पोस्टडॉक शिष्यवृत्ती कोणत्याही देशाच्या नागरिकाला मिळू शकते, पण अर्जाच्या अंतिम तारखेपर्यंत पीएच.डी. पूर्ण झालेली असावी लागते आणि तिला आठ वर्षांहून अधिक काळ लोटलेला नसावा लागतो. युरोपीय संशोधन परिषदेच्या अनुदानांनाही पीएच.डी.पासूनची वर्षे मोजली जातात. अशा व्यवस्थेत परीक्षकाला केलेला आपला एक फोन विद्यार्थ्याचे अख्खे वर्ष वाचवू शकतो.

संशोधन-लेखांचेही असेच आहे. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी लेख प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली, आणि आपल्याच शहरातल्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ज्या यादीचे काम चालत असे ती मान्यताप्राप्त नियतकालिकांची ‘यूजीसी-केअर’ यादी आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. त्या यादीच्या आधीच्या मान्यताप्राप्त यादीची २०१८ मध्ये याच विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी तपासणी केली होती, आणि विद्यापीठांनी सुचवलेल्या भागातल्या तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. आता कोणतीच यादी नसल्याने चांगले नियतकालिक कोणते हे ठरवणे मार्गदर्शकाच्या विवेकावर आले आहे. पैसे घेऊन आठवड्यात लेख छापणाऱ्या नियतकालिकातला लेख इथे पदोन्नतीच्या गुणांत कदाचित मोजला जाईल, पण परदेशी समितीसमोर तो अर्जाला तारत नाही, बुडवतो. असे चार लेख असण्यापेक्षा एकही लेख नसणे आणि एक चांगला लेख परीक्षणाखाली असणे पुष्कळ बरे.

लेखावर नाव कोणाचे असावे, हाही प्रश्न याच अनुषंगाने येतो. १९१० मध्ये बौद्ध साहित्याचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी ‘विशुद्धिमार्ग’ या पाली ग्रंथाच्या संपादनाच्या कामासाठी हार्वर्डला गेले, आणि केलेल्या कामाच्या श्रेयावरून तिथल्या ज्येष्ठ प्राध्यापकाशी मतभेद झाल्यावर १९१२ मध्ये परतून त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवले. ते संपादन अखेर १९५० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. जगातल्या सर्वांत नावाजलेल्या विद्यापीठातही ज्याचे श्रम त्याचे नाव हे आपोआप होत नाही, आणि स्वाभिमानी विद्वान त्यासाठी किती किंमत मोजतो, याचे उदाहरण या शहराच्या परिचयाचे आहे. ज्या लेखात आपण एक ओळही लिहिली नाही, ज्याच्या विचारात आपला वाटा नाही, त्यावर केवळ विभागप्रमुख म्हणून आपले नाव घालू देऊ नये. तेच वळण घेऊन विद्यार्थी बाहेर गेला तर पहिल्याच प्रयोगशाळेत तो अडचणीत येतो.

मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्यांबद्दल मला वेगळे आणि आग्रहाने सांगायचे आहे. परदेशी विद्यापीठे म्हणजे विज्ञान आणि अभियांत्रिकी, असा समज घट्ट असल्याने इतिहास, संस्कृत, पाली, मराठी, पुरातत्त्व या विषयांच्या आपल्या मुलामुलींना हा मार्ग आपला आहे असेच वाटत नाही. जागा कमी आहेत हे खरे. दक्षिण आशियाचा अभ्यास करणारे विभागही थोडेच आहेत. पण मोडी लिपी वाचू शकणारा, मराठी बखरी आणि संतसाहित्य मूळ भाषेत वाचलेला, संस्कृत हस्तलिखितांच्या पाठभेदांवर काम केलेला विद्यार्थी त्या विभागांना फार मोलाचा वाटतो. तेच शिकण्यासाठी त्यांचे विद्यार्थी पुण्यात येतात. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे मराठी आणि संस्कृतचे वर्ग याच शहरात चालतात. १९१७ मध्ये स्थापन झालेली भांडारकर संस्था, भारत इतिहास संशोधक मंडळ, पेशवे दफ्तर, आणि डेक्कन कॉलेजमध्ये १९४८ पासून चालू असलेला संस्कृत महाकोशाचा प्रकल्प ही ठिकाणे जगभरच्या अभ्यासकांना तोंडपाठ असतात. आपल्या एम.ए.च्या किती विद्यार्थ्यांना आपण तिथे हाताला धरून नेतो? मूळ साधनांवरचे प्रभुत्व हेच त्यांचे भांडवल आहे. त्याला सैद्धान्तिक चौकटीची आणि जर्मन किंवा फ्रेंच वाचण्याची जोड मिळाली, तर भारतविद्येच्या कोणत्याही विभागात ती मुले मान ताठ ठेवून बसू शकतात. या भाषा शिकायला रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्समुल्लर भवन हाकेच्या अंतरावर आहेत.

बोलण्याच्या सवयीबद्दलही लिहायला हवे. आपले विद्यार्थी उत्तम अभ्यास करतात आणि सादरीकरणात गळपटतात, कारण प्रश्न विचारणे हा अनादर आणि ‘मला माहीत नाही’ म्हणणे ही नामुष्की, असे वातावरण आपण वर्गात ठेवतो. परदेशात नोकरीसाठीच्या व्याख्यानात समिती उमेदवाराला मुद्दाम अवघड जागी अडवते आणि तो तिथे मोठ्याने विचार कसा करतो हे पाहते. गणेशखिंड आणि पाषाण यांच्या परिसरात खगोलविज्ञानाची आयुका, रेडिओ खगोलभौतिकी केंद्र, आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा या संस्था एकमेकींच्या इतक्या जवळ आहेत की तिथल्या चर्चासत्रांना विद्यार्थ्यांना नियमाने पाठवणे मुळीच अवघड नाही. त्यांना फक्त ऐकायला पाठवू नये, एक तरी प्रश्न विचारून यायला सांगावे. आणि विभागात महिन्यातून एकदा विद्यार्थ्याने बोलावे, इतरांनी अडवावे आणि आपणही त्याच्या प्रश्नांना सामोरे जावे.

सध्याचा काळ कठीण आहे हेही विद्यार्थ्यांपासून लपवू नये. अमेरिकेत २०२५ मध्ये संशोधन-अनुदानांवर कात्री चालली, अनेक विद्यापीठांनी भरती थांबवली, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशी तज्ज्ञांना नोकरीसाठी मिळणाऱ्या एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याची घोषणा झाली. विद्यापीठे त्या व्हिसाच्या वार्षिक मर्यादेतून मुक्त असल्याने तरुण अध्यापकांना आजवर हाच मार्ग सोयीचा होता. म्हणून एकाच देशाकडे पाहत न बसता युरोप, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया इथल्या वाटा विद्यार्थ्यांना माहीत असाव्यात.

आणि परतीची वाटही. या शहरात परत आलेल्यांचा वारसा मोठा आहे, पण त्यांच्या कथा सांगताना आपण एक गोष्ट गाळतो. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतले तेव्हा टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांच्यासाठी जागा होती, आणि पुढे १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी राहिली ती अनुदान आयोगाच्या पाठबळावर. उलट मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे १९३० मध्ये बर्लिनची डॉक्टरेट घेऊन आल्या, तरी डेक्कन कॉलेजातली संशोधनाची जागा मिळेपर्यंत १९३९ साल उजाडले, आणि मधली काही वर्षे त्यांनी महिला विद्यापीठात कुलसचिवाचे काम केले. परतणाऱ्याच्या मनातल्या ओढीइतकेच समोरचे दार किती उघडे आहे यावर सारे ठरते. आज परत येऊ पाहणाऱ्या माणसाला परतणाऱ्या संशोधकांसाठीची रामलिंगस्वामी किंवा रामानुजन शिष्यवृत्ती ठाऊक असते, पण महाविद्यालयात कायम जागा निघत नाही आणि तासिका तत्त्वावर काम करण्याची वेळ येते. जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असलेल्या परदेशी विद्यापीठाच्या पीएच.डी.धारकाला सहायक प्राध्यापकपदासाठी नेट-सेट या पात्रता-परीक्षांची अट नाही, ही आयोगाच्या २०१८ च्या नियमांतली तरतूद अनेक मुलाखत-समित्यांना सांगावी लागते, हे मी परतलेल्या मित्रांकडून ऐकतो. जागा मंजूर करणे आपल्या हातात नाही, ते शासनाचे काम आहे आणि त्यासाठी आपण वर्षानुवर्षे पाठपुरावा करत आहात. पण संपर्क टिकवणे आपल्या हातात आहे.

दर डिसेंबरमध्ये आपले कितीतरी माजी विद्यार्थी दोन-तीन आठवड्यांसाठी घरी येतात. कुणी बेल्जियममधल्या ल्युवेनमध्ये पोस्टडॉक करत असतो, कुणी ओहायोत टेन्युअरच्या वाटेवर चौथ्या वर्षात असते, कुणी नुकतेच शैक्षणिक क्षेत्र सोडून कंपनीत गेलेले असते. ते विभागात डोकावतात, आपल्याला भेटतात, कॉफी घेतात आणि निघून जातात. नोव्हेंबरमध्येच त्यांना ई-मेल करून एक दुपार मागून घ्यावी, असे मी सुचवतो. त्यांनी आपल्या संशोधनावर तासभर बोलावे, आणि दुसरा तास फक्त एम.एस्सी., एम.ए. आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसोबत बसावे. त्यांनी आपले अर्ज, नकाराची पत्रे, पगाराचे आकडे, कराराच्या अटी आणि व्हिसाचे कागद विद्यार्थ्यांना दाखवावेत. क्षेत्र सोडून गेलेल्यालाही त्यात तितक्याच मानाने बोलवावे. मी स्वतः या डिसेंबरमध्ये पुण्यात आहे आणि ज्या विभागाला अशी दुपार ठेवायची असेल तिथे येईन. शिफारसपत्रे कशी लिहावीत यावर अध्यापकांसाठी वेगळे सत्र हवे असेल तर नावे झाकलेले नमुने घेऊन त्यालाही येईन. यंदाच्या अर्जांच्या मुदती मात्र त्याआधीच, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापासून सुरू होतात. आपल्याकडे पत्रे मागायला विद्यार्थी येऊ लागलेच असतील.

आपला,
परदेशी शिकवणारा एक माजी विद्यार्थी
पुणे